सपोर्ट संपत आलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून स्थलांतर: नियोजन कुठून सुरू करावे

एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट ज्या दिवशी संपतो, त्या दिवशी संगणकावर काहीही घडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा सुरू होतो, छपाई होते, ईमेल उघडतात, आणि नेमक्या याच कारणामुळे स्थलांतराचे काम एका तिमाहीतून पुढच्या तिमाहीत ढकलले जाते. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवसापासून थांबले ते मोफत सुरक्षा पॅच, म्हणजे सिस्टिममधील त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, आणि पॅच थांबणे म्हणजे काय हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चालू आवृत्त्यांसाठी पॅच देते. पॅच लावण्याआधीच्या आणि नंतरच्या फाइलींची तुलना करून नेमके कोणते छिद्र बुजवले गेले, हे जाणकाराला शोधून काढता येते. जुन्या आणि नव्या आवृत्तीत बराच कोड सामाईक असल्यामुळे नवीकडे बुजवलेले छिद्र जुनीकडे अनेकदा उघडेच राहते, आणि आता तर ते कुठे आहे हेही हल्लेखोराला ठाऊक झालेले असते.

२०१७ मधील वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला या संदर्भात लक्षात ठेवावा. त्याने वापरलेल्या त्रुटीवरचा पॅच १४ मार्च २०१७ रोजी आला होता आणि हल्ला १२ मे रोजी पसरला. सर्वाधिक फटका बसला तो विंडोज ७ च्या संगणकांना, म्हणजे सपोर्ट चालू असताना, पॅच हाती असताना तो न लावलेल्या संगणकांना. विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपलेला असल्याने तिच्यासाठी खुला पॅच अपवाद म्हणून हल्ल्यानंतर काढावा लागला. आठ आठवड्यांची दिरंगाई इतकी महाग पडली, तर ज्या सिस्टिमसाठी पॅच येणारच नाही तिच्यावर वर्षभर काम करत राहणे किती जोखमीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

या लेखात मी मुख्यतः विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाण्याचे उदाहरण घेणार आहे, कारण आज बहुतेकांसमोर तेच काम आहे. पण कामाचा क्रम इतर सिस्टिमनाही लागू पडतो. अशी अनेक स्थलांतरे जवळून पाहिल्यावर माझे एक ठाम मत झाले आहे. स्थलांतराचे वेळापत्रक शंभर सोपे संगणक ठरवत नाहीत, अडून बसलेले पाच ठरवतात. बहुतेक योजना सोप्या शंभरांपासून सुरू होतात, पहिल्या दोन महिन्यांत अहवालातली टक्केवारी छान चढते आणि मग ती शेवटच्या टप्प्यावर येऊन थबकते. म्हणून नियोजनात पहिला शोध त्या पाच संगणकांचा घ्यावा.

आधी तारीख, मग उलटी मोजणी

"आमच्याकडे विंडोज १० आहे" एवढी माहिती पुरेशी नाही. एकाच नावाखालच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत. दीर्घ मुदतीची म्हणून दिलेली एलटीएससी २०२१ ही एंटरप्राइझ आवृत्ती जानेवारी २०२७ पर्यंतच चालेल, तिच्याआधीची एलटीएससी २०१९ मात्र जानेवारी २०२९ पर्यंत. आणि उपकरणांमध्ये बसवल्या जाणाऱ्या आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ची मुदत जानेवारी २०३२ पर्यंत आहे. नवी आवृत्ती आधी संपते आणि जुनी नंतर, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे यादीत प्रत्येक संगणकापुढे आवृत्तीचे पूर्ण नाव आणि त्याच आवृत्तीची अखेरची तारीख लिहावी.

ज्या सिस्टिमवर जायचे तिलाही तारीख असते. विंडोज ११ ची प्रत्येक वार्षिक आवृत्ती होम आणि प्रो वापरणाऱ्यांना २४ महिने, तर एंटरप्राइझ आणि एज्युकेशन वापरणाऱ्यांना ३६ महिने अपडेट देते. स्थलांतर सुरू करताना निवडलेली आवृत्ती काम संपेपर्यंत अर्धी मुदत खाऊन बसलेली असू शकते. त्यामुळे हाताशी असलेल्या आवृत्त्यांपैकी नवीनतम, पण आपल्या चाचणीत उतरलेली आवृत्ती निवडावी.

यानंतर अखेरच्या तारखेपासून मागे मोजत यावे. मी शेवटचे तीन महिने पूर्णपणे मोकळे ठेवतो आणि त्या काळात एकही नियोजित संगणक घेत नाही. तो काळ केवळ अडलेल्यांसाठी असतो. त्याआधी टप्प्याटप्प्याची अंमलबजावणी, त्याआधी पथदर्शी गट (ज्यांच्यावर बदल आधी करून पाहायचा असे मोजके वापरकर्ते), त्याआधी चाचणी आणि सर्वांत आधी खरेदी. खरेदीचा काळ सगळेच कमी धरतात: मंजुरी, दरपत्रके, पुरवठा आणि आलेली खोकी उघडून तपासणे यांत महिने जातात, आणि मुदत जवळ आली की सगळेच एकदम खरेदीला निघतात.

यादी: निम्मे काम इथेच आहे

यादी स्वयंचलित साधनाने काढावी, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. विंडोज ११ ला ६४ बिटी आणि किमान दोन गाभ्यांचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय फर्मवेअर (संगणक सुरू करणारे बोर्डवरचे मूलभूत सॉफ्टवेअर), सिक्युअर बूटची (केवळ विश्वासार्ह सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देण्याची) क्षमता आणि टीपीएम २.० (एन्क्रिप्शनची गुपिते जपणारा सुरक्षा घटक) लागते; प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा. यातला प्रोसेसर बदलता येत नाही असेच धरावे. टीपीएमची गोष्ट निराळी आहे. तपासणीत "अपात्र" ठरलेले कितीतरी संगणक प्रत्यक्षात पात्र असतात, कारण टीपीएम त्यांच्यात असते, फक्त फर्मवेअरमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावाने, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडते. ते चालू केले की कालपर्यंत भंगारात काढायचा ठरलेला संगणक आणखी काही वर्षे काम देतो. खरेदीचा आकडा मंजुरीसाठी पाठवण्यापूर्वी ही तपासणी एकेका मॉडेलवर हाताने करावी.

संगणक जुन्या बायोस पद्धतीने सुरू होत असेल आणि डिस्कच्या विभागांची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल, तर ती जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागते. त्यासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोजमध्येच आहे आणि ते डेटा न पुसता रूपांतर करते. मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्राथमिक विभाग असतील तर ते नकार देते, आणि निर्माता कंपन्या स्वतःचे दुरुस्ती विभाग घालून डिस्क देत असल्यामुळे हा नकार वारंवार भेटतो. रूपांतरापूर्वी बॅकअप घ्यावा, हे साधन कितीही सुरक्षित असले तरी.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण त्याने मला यादीत एक रकाना कायमचा वाढवायला लावला. काही लॅपटॉपवर टीपीएम १.२ होते आणि निर्मात्याने दिलेल्या फर्मवेअर अपडेटने ते २.० होणार होते. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी ते काम उरकले. सोमवारी सकाळी पहिल्या लॅपटॉपवर निळा पडदा आला आणि त्याने बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. फर्मवेअरला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करायचे असते, ते आम्ही केले नव्हते. बहुतेक रिकव्हरी कळा संस्थेच्या डिरेक्टरीत, म्हणजे खाती आणि संगणकांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, साठवलेल्या होत्या आणि त्या फोनवर प्रत्येकी आठ गटांत वाचून दाखवत दुपार झाली. पण काही लॅपटॉप कळा साठवण्याचे धोरण लागू होण्याआधीच एन्क्रिप्ट झालेले होते. त्यांच्या कळा कुठेच नव्हत्या, आणि त्यांवरचा जो डेटा सर्व्हरवर नव्हता तो गेला. समोर बसलेल्या माणसाला "तुमची दोन वर्षांची टिपणे परत येणार नाहीत" हे सांगावे लागणे फार जड जाते. तेव्हापासून माझ्या यादीत "रिकव्हरी की प्रत्यक्ष पाहिली, तारीख" असा स्वतंत्र रकाना असतो, आणि तो भरल्याशिवाय त्या संगणकाच्या फर्मवेअरला कोणी हात लावत नाही.

फर्मवेअरचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. सिक्युअर बूटसाठी वापरली जाणारी २०११ ची मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्रे जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कालबाह्य होतात आणि त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे यावी लागतात. स्थलांतरासाठी प्रत्येक संगणक हाताखालून जाणारच असेल, तर फर्मवेअर अद्ययावत आहे की नाही हे त्याच फेरीत पाहून घ्यावे.

स्वयंचलित यादीत जे येत नाही ते शोधायला मात्र पायी फिरावे लागते. कपाटातले राखीव लॅपटॉप, तीन महिन्यांत नेटवर्कला न जोडलेले संगणक, स्वागतकक्षातल्या पडद्यामागचा डबा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एखाद्या यंत्राला जोडलेले संगणक. एका प्रयोगशाळेत एका मोजमाप उपकरणाशेजारी ठेवलेला संगणक आठवतो. पडद्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी: "बंद करू नये". मागे सिरीयल पोर्टची केबल, आत ३२ बिटी विंडोज, आणि उपकरणाचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटी. विंडोज ११ केवळ ६४ बिटी आहे. तिच्यात ३२ बिटी ड्रायव्हर चालत नाही, आणि १६ बिटी जुना प्रोग्रॅम तर मुळीच नाही. त्या उपकरणाच्या किमतीपुढे संगणकाची किंमत नगण्य होती, पण संपूर्ण प्रयोगशाळेचे वेळापत्रक त्या एका केबलने अडवून धरले होते. अशा यंत्राच्या पुरवठादाराला पहिल्याच आठवड्यात लेखी विचारावे: नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर आहे का, त्यासाठी नवे कार्ड किंवा नवी लायसन्स की लागते का, आणि नसेल तर आपला पर्याय कोणता. उत्तर यायला अनेक आठवडे लागतात, आणि हे उत्तरच आपले वेळापत्रक ठरवते.

प्रोग्रॅम आणि नेटवर्क

बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी साधन देते. त्यातला कोणता खरोखर लागतो हे माणसेच सांगतात. विचारताना "तुम्ही काय वापरता?" असे विचारू नये, कारण उत्तरात रोजचेच येते. "महिनाअखेरीला काय उघडता, वर्षाअखेरीला काय उघडता, आणि रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचे कोणते काम तुमच्याकडे येते?" असे विचारावे. मी शक्यतो महिन्याच्या शेवटच्या दिवशी लेखा विभागात जाऊन बसतो. एरवी कोणीही न उल्लेखलेली एक्सेल मॅक्रोची फाइल, इंटरनेट एक्सप्लोररखेरीज न उघडणारे पोर्टल आणि कोपऱ्यातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, हे सगळे त्या एका दुपारी दिसते.

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्यावर अवलंबून असलेली पोर्टल एज ब्राउझरच्या आयई मोडमध्ये चालवता येतात आणि तो मोड किमान २०२९ पर्यंत राहील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. व्हीबीस्क्रिप्ट ही जुनी स्क्रिप्ट भाषाही वाटेला लागली आहे: विंडोज ११ च्या २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातील) आवृत्तीत ती स्वतंत्र घटक म्हणून उरली आहे आणि पुढे काढून टाकली जाणार आहे. लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ती लपलेली असते, ती आताच शोधून ठेवावी.

नेटवर्कच्या बाबतीत दोन ठिकाणी बहुतेकांना ठेच लागते. पहिली ठेच जुन्या नॅसची, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक साठवण उपकरणाची. २४एच२ मध्ये प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांत एसएमबी (नेटवर्कवर फाइली शेअर करण्याच्या) जोडणीवर डिजिटल सही मुळातच सक्तीची झाली आहे, आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून शेअर फोल्डर उघडण्याची सोय बंद आहे. ज्या विभागाचे स्कॅनर वर्षानुवर्षे अशाच खुल्या फोल्डरमध्ये फाइली टाकत आले, त्यांना दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडत नाही. तिथे संगणकावरची सक्ती सैल करण्यापेक्षा नॅसवर खाती तयार करणे हाच योग्य उपाय आहे, आणि तो स्थलांतराआधी, जुन्या सिस्टिमवर असतानाच करता येतो.

दुसरी ठेच वायफायची, आणि ती अधिक गंभीर आहे. विंडोज ११ च्या एंटरप्राइझ आवृत्तीत २२एच२ पासून पात्र संगणकांवर क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची गुपिते वेगळी जपणारे संरक्षण) आपोआप चालू होते. युजरनेम आणि पासवर्ड देऊन, एमएस-चॅप व्ही२ पद्धतीने जोडणारे वायफाय असेल, तर विंडोजच्या लॉगिनवरूनच आपोआप जोडले जाणे यामुळे थांबते. रात्री अपग्रेड झालेला लॅपटॉप सकाळी वायफायला जोडलाच जात नाही, आणि दोष दूर करणारे धोरण त्याच्यापर्यंत पोहोचवावे तर त्यासाठीही नेटवर्कच लागते. मग केबल घेऊन मजलोमजली फिरणे येते. वायफायचे लॉगिन पासवर्डऐवजी डिजिटल प्रमाणपत्रांवर आधी न्यावे आणि मगच अपग्रेडला हात घालावा.

प्रत्येक संगणकाचा निर्णय

यादी पूर्ण झाली की प्रत्येक नोंदीपुढे एकच निर्णय लिहावा: जागेवरच अपग्रेड, बदली, वेगळी सिस्टिम, मुदतवाढ किंवा विलगीकरण. "नंतर पाहू" हा निर्णय मान्य करू नये.

जागेवरच अपग्रेड हा बहुतांश पात्र संगणकांसाठी योग्य मार्ग आहे. प्रोग्रॅम, फाइली आणि सेटिंग जागच्या जागी राहतात. वर्षानुवर्षे साचलेल्या प्रोग्रॅममुळे मंदावलेला संगणक मात्र पुसून नव्याने उभा करावा. अपात्र संगणकावर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण संस्थेत त्या वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ ला लागणारे प्रोसेसर आदेश नसलेल्या जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. पॅच मिळावेत म्हणून स्थलांतर करायचे आणि तेच अनिश्चित ठेवायचे, याला अर्थ नाही. ज्या संगणकावर केवळ ब्राउझरचे काम चालते आणि ज्याचे हार्डवेअर धडधाकट आहे, त्यावर दीर्घ सपोर्टची लिनक्स आवृत्ती किंवा क्रोमओएस फ्लेक्स बसवण्याचा विचार जरूर करावा.

विंडोज १० साठीचे मुदतवाढीचे सुरक्षा अपडेट हा पूल आहे, त्यावर घर बांधू नये. संस्थांसाठी त्याची जाहीर किंमत पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर आहे, दर वर्षी ती दुप्पट होते, आणि जास्तीत जास्त तीन वर्षे, ऑक्टोबर २०२८ पर्यंतच मुदतवाढ मिळते. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते. दुसऱ्या वर्षी सामील झाल्यास पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात, त्यामुळे "बघू, लागले तर घेऊ" या धोरणाने काहीच वाचत नाही. तीत गंभीर आणि महत्त्वाच्या सुरक्षा त्रुटींवरचे पॅच मिळतात; नव्या सोयी आणि सर्वसाधारण तांत्रिक मदत मिळत नाही. मुदतवाढ घ्यावी ती नावानिशी यादी केलेल्या संगणकांसाठी, प्रत्येकाचे कारण आणि निघण्याची तारीख लिहून.

विलगीकरण हे प्रयोगशाळेतल्या त्या संगणकासारख्यांसाठी आहे. स्वतंत्र व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा), इंटरनेट आणि ईमेल पूर्ण बंद, ज्या एका सर्व्हरकडे निकाल पाठवायचे तेवढाच मार्ग आणि तेवढाच पोर्ट खुला, पेनड्राइव्ह बंद, आणि संपूर्ण डिस्कची इमेज सुरक्षित ठिकाणी. शक्यतो त्याच मॉडेलचा दुसरा संगणक राखीव. हे करूनही त्या नोंदीपुढे एका जबाबदार व्यक्तीचे नाव असावे, विभागाचे नाव पुरत नाही.

पथदर्शी गट आणि टप्पे

पथदर्शी गटात केवळ संगणक विभागातली माणसे घेऊ नयेत. ती अडचण आली की आपणच दुरुस्त करतात आणि कळवत नाहीत. प्रत्येक विभागातून एक जण घ्यावा, त्यातही ज्याच्याकडे सर्वांत विचित्र प्रिंटर किंवा सर्वांत जास्त प्रोग्रॅम आहेत असा. गट दोन आठवडे चालवून भागत नाही, एक महिनाअखेर त्यात यायलाच हवी. मायक्रोसॉफ्टने एखाद्या मॉडेलवर ज्ञात दोषामुळे अपग्रेड रोखून धरले असेल, तर ती रोख जबरदस्तीने ओलांडू नये.

पुढच्या टप्प्यांचा आकार मदतकक्षाच्या कुवतीवर ठरवावा. एका दिवसात किती तक्रारी तुमची माणसे नीट सोडवू शकतात, हे पथदर्शी गटात मोजलेले असते. त्याच हिशेबाने रोजचे संगणक घ्यावेत. काही जीबींची फाइल प्रत्येक संगणकाने इंटरनेटवरून स्वतंत्र आणू नये म्हणून डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करावे. शेजारच्या संगणकाकडून तुकडे घेतले की दूरच्या शाखेची जोडणी गुदमरत नाही.

माघारीची वाटही आधी मोजून ठेवावी. अपग्रेडनंतर जुन्या सिस्टिमवर परतण्याची मुदत मुळात १० दिवसांची असते आणि ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. पण डिस्क सफाईत विंडोज डॉट ओल्ड हा फोल्डर गेला की परतीची वाट संपते. म्हणून या काळात स्वयंचलित सफाई बंद ठेवावी. आणि बॅकअप "घेतला आहे" यावर थांबू नये. प्रत्येक टप्प्यातला एक संगणक निवडून त्याचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर प्रत्यक्ष उतरवून पाहावा.

संगणक बदलला जात असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट सगळ्यांनाच आठवतात. राहून जातात त्या गोष्टी वेगळ्या: सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवलेली आउटलुकची पीएसटी (साठवलेल्या ईमेलची) फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, टेम्प्लेट, आणि डिजिटल सहीचे प्रमाणपत्र. या प्रमाणपत्राची खासगी की कित्येकदा बाहेर काढता येणार नाही अशा पद्धतीने बसवलेली असते. तिचा बॅकअप होत नाही, नवे प्रमाणपत्रच मागवावे लागते, आणि ते हाती येईपर्यंत त्या व्यक्तीला सही करता येत नाही. हे आधी विचारून घ्यावे.

वापरणाऱ्यांना एक आठवडा आधी आणि एक दिवस आधी असे दोनदा कळवावे: कोणत्या रात्री, चार्जर लावून ठेवणे, फाइली बंद करणे, सकाळी काय वेगळे दिसेल आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा. एवढे पुरते.

बदललेला जुना संगणक लगेच पुसू नये. त्यावर नाव आणि तारखेची चिठ्ठी लावून तो बंद खोलीत ६० दिवस ठेवावा, कारण "माझी ती फाइल कुठे गेली" हा फोन बहुधा पुढच्या महिनाअखेरीला येतो. ६० दिवसांनी वापरणाऱ्याची लेखी संमती घ्यावी, मग डिस्क पुसावी, डिरेक्टरीतली नोंद काढावी, अँटिव्हायरस आणि इतर लायसन्स मोकळी करावीत आणि सर्वांत शेवटी त्या संगणकाची रिकव्हरी की नोंदवहीतून काढावी.